गाडी कोणाच्या नावावर

४ ऑगस्ट, सोमवार

पाय हलके वाटतात. अकरा वर्षं टोकाला लोखंड बसवलेले जड बूट घालून कारखान्यात उभा राहिलो. आज साधे काळे बूट घालून कामावर गेलो, तर घरी काहीतरी विसरून आल्यासारखं दिवसभर वाटत राहिलं.

कंपनी तीच, फक्त बाजू बदलली. काल-परवापर्यंत तळेगावला छोट्या मालवाहू टेम्पोंच्या लाइनवर प्रॉडक्शन इंजिनीअर होतो. आजपासून विक्री विभागात, मावळचा एरिया ऑफिसर. टेबल मिळालंय लोणावळ्यात, रतनशेठच्या एजन्सीत, जुन्या हायवेवर. खिडकीतून समोरचं चिक्कीचं दुकान दिसतं आणि पाऊस.

का बदलली बाजू? मुलाखतीत सांगितलं की व्यवसायाची समज वाढवायची आहे. खरं कारण इथे लिहितो. गाडी माझ्यासमोरून रिकामी जायची, दर थोड्या मिनिटांनी एक. ती पुढे कोण घेतं, तिच्यात काय भरतं, हे मी कधी पाहिलंच नाही. शिवाय वर जायचं तर धंदा कळला पाहिजे असं सगळे म्हणत होते, आणि मला वर जायचंय. दोन्ही कारणं खरी आहेत, आणि दुसरं जरा जास्त खरं आहे.

अट मात्र कडक आहे. दसऱ्यापर्यंत या पट्ट्यात गाड्या हलल्या तर मला इथे कायम करणार. नाहीतर राम राम. मागे फिरायची सोय नाही, माझ्या जागी पायलला बसवलंय. माझ्याच हाताखाली शिकली, हुशार आहे, ती काही जागा सोडणार नाही.

एजन्सीचा जुना सेल्समन मारुती. पन्नाशीचा, डोक्यावर कायम टोपी. मी त्याला विक्रीची पद्धत विचारली. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "सायेब, च्या किती कप सोसतो तुमाला?"

९ ऑगस्ट, शनिवार

सात कप. आणि ॲसिडिटी.

गिऱ्हाईक चौकशीला येतं तिथपासून गाडी घेऊन जातं तिथपर्यंतचा सगळा प्रवास मी मोठ्या कागदावर काढला आणि भिंतीवर लावला. माल कुठल्या स्टेशनला अडकतो हे लाइनवर असंच शोधतात. रतनशेठ चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छान आहे. पण यात गिऱ्हाइकाची सासू कुठे आहे?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मला राग आला होता. घरी नूरला सांगितलं तर तीही हसली. ती नगरपालिकेच्या शाळेत शिकवते, तिला बरोबर-चूक सांगायची सवय आहे. म्हणाली, "शेठ खरं बोलतायत, तन्वीर. चौकोन लय काढलेस, माणसं काढलीच नाहीस."

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज मोठं घर पाहिलं. मळवलीच्या पलीकडे कोंडाजी आबांचं. दुधाचा धंदा. आसपासच्या वाड्यांचं दूध गोळा करून पहाटे लोणावळ्यात, खंडाळ्याच्या हॉटेलांत आणि तुंगार्लीच्या बंगल्यांवर पोचवतात. जुना टेम्पो आता दम तोडतोय, त्यांना दोन नवे घ्यायचेत. मारुती दोन महिने त्यांच्याकडे जातोय. त्याचं म्हणणं, आबांनी आपली गाडी घेतली की पवन मावळातले निम्मे दूधवाले डोळे झाकून मागे येतील. म्हणजे माझा दसरा याच घरात आहे.

घर एकत्र. थोरले कोंडाजी आबा, त्यांची बायको विठाबाई. धाकटा भाऊ कैलास, अजून लग्नाचा, सव्वीस-सत्तावीसचा, केसांना जेल. मधले गेणूभाऊ दोन वर्षांमागे काविळीने गेले. त्यांच्या बायकोला सगळे वैनी म्हणतात. टेम्पो सध्या त्याच चालवतात.

आम्ही बसलेलो असताना त्या रिकामे कॅन घेऊन परत आल्या. बोळातून गाडी उलटी घेतली, गोठ्याला न घासता एका झटक्यात लावली. माझं सगळं लक्ष आवाजाकडे होतं. क्लचवर पाय ठेवून चालवतात. प्लेट लवकर जाणार. त्या उतरल्या उतरल्या मी त्यांना तसं सांगितलं. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि कॅन धुवायला गेल्या.

कैलास मात्र नव्या गाडीची चौकशी करायला माझ्याभोवती आला. पिकअप किती, मायलेज किती, म्युझिक सिस्टीम बसंल का. खूष वाटला. घरी येऊन नूरला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "त्या वैनींचं नाव काय?"

विचारलं नाही. गाडीचा चेसिस नंबर मात्र पाहिला होता.

२० ऑगस्ट, बुधवार

सारिका. मारुतीकडून कळलं.

१ सप्टेंबर, सोमवार

आजचं लगेच लिहून काढतो, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

आज गौरी जेवायचा दिवस. आबांनी मला आणि मारुतीला जेवायला बोलावलं होतं. घर भरलेलं, पुरणाचा वास, गौरींपुढे दिवे. जेवणं झाल्यावर आबा पानाला चुना लावत म्हणाले, "तन्वीरभाई, तुमचा तो फारम काडा मंग. दोन गाड्या. दसऱ्याला उब्या करा दारात."

मला इतका आनंद झाला की पेन उघडताना टोपण खाली पडलं. फॉर्मची पहिलीच ओळ मालकाचं नाव. मी विचारलं, "आबा, गाड्या कोणाच्या नावावर?"

कोणी बोलेना. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा मोठ्याने विचारलं.

"बगू की. घरच्याच हायत," आबा म्हणाले.

इथे थांबायला हवं होतं. पण कारखान्याची खोड. लाइनवर अडचण आली की पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ सापडेपर्यंत सोडायचं नाही. मी विचारलं, घरच्या म्हणजे कोणाच्या? एक नाव लागेल. आबांच्या का नको? आबा म्हणाले, मी कुटं चालवतो आता. मग कैलासच्या? कैलास म्हणाला, व्हय, माझ्याच. मग मी म्हणालो, "पण रोज चालवतं कोण? जो चालवतो त्याच्या नावावर असली तर विम्याला, कर्जाला सगळ्यालाच सोपं जातं."

सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेल्या. सारिकावैनी तिथे पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत गेल्या. कैलास ताडकन उठून बाहेर गेला. आबा म्हणाले, "गनपती उटू द्या. मंग बगू."

परतताना कार्ल्याच्या फाट्यापाशी मारुतीने मला थांबवलं. मग म्हणाला, "सायेब, एकत्र घरात नाव इचारत न्हाईत. निगताना दारापत्तूर आपल्यासंगं जो येतो, त्याला हळूच म्हनायचं, आधार कार्ड द्या. मागचं त्यांचं ते बगत्यात."

"पण मी काय चूक विचारलं?"

"चूक न्हाई. नाव आलं की वाटनी आली. तीन घरं एका चुलीवर हायत, त्यांनी आजून तोंडातनं शबूद काडला नव्हता. तुमी गौरीपुडं काडलात."

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. कोणी नवं काही घेत नाही. त्यात जीएसटी उतरणार आहे, गाड्या स्वस्त होणार आहेत, म्हणून उरलेलेही थांबलेत. पुण्याचे विभागीय साहेब रोज फोन करतात. मी रोज म्हणतो, "पाइपलाइनमध्ये आहे सर." हा शब्द मी इथे येऊन शिकलो. लाइनवर माल असायचा किंवा नसायचा.

दुपारी पायलचा फोन आला. तिसऱ्या स्टेशनवर सुटे भाग घट्ट धरणारा जिग हलतोय, काय करू? मी फोनवर अर्धा तास बोललो, कागदावर आकृत्या काढल्या, चहा गार झाला. या महिन्यातला सगळ्यात चांगला अर्धा तास. मी चूक केली का, हा प्रश्न मी आतापर्यंत लिहायचा टाळला. आज लिहितो. केली असावी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी खंडाळ्याला एका हॉटेलवाल्याकडे गेलो होतो. मागच्या फाटकापाशी आबांचा टेम्पो दिसला. चालवत होता कैलास. उशीर झालेला, हॉटेलचा आचारी वैतागलेला. "वैनी कुठं गेल्या? वैनी असताना साडेपाचला दूध यायचं," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. कैलासने कॅन इतक्या जोरात आपटला की दूध त्याच्या पँटवर उडालं.

त्याने मला पाहिलं आणि मान फिरवली. त्याचे मित्र स्टँडवर त्याला 'वैनीचा किन्नर', म्हणजे वैनीच्या गाडीवरचा क्लीनर, म्हणून चिडवतात, असं मारुती सांगत होता. गौरीच्या दुसऱ्या दिवशीच त्याने वैनींकडून किल्ली काढून घेतली. त्या आता घरी बसतात.

म्हणजे मी एक प्रश्न विचारला आणि एका बाईच्या हातातली गाडी गेली. मला नोकरीची काळजी होती, अजून आहे. पण आज दिवसभर तो खाली ठेवलेला तांब्या डोळ्यांसमोर येत होता. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आबा स्वतः लोणावळ्यात आले! एजन्सीत आले नाहीत, चहाच्या टपरीवर मला बोलावून घेतलं. बशीत चहा ओतून, फुंकर मारत म्हणाले, "घट बसल्यावर मंगळवारी घरी या. कैलास म्हनतो, बाईच्या नावावर धंद्याची गाडी होतच न्हाई, कंपनीचा कायदा हाय. तुमी कंपनीचं सायेब. काय कायदा आसंल त्यो समद्यांम्होरं सांगा, म्हंजी इषय मिटंल."

"मारुतीला घेऊन येतो," मी म्हणालो.

"नको. मारुती लय ग्वाड बोलतो. तुमीच या."

मी अर्थ लगेच ओळखला. आबांना घर शांत हवंय. मी एक वाक्य बोलायचं, बाईच्या नावावर होत नाही, आणि दोन्ही गाड्यांचं बुकिंग खिशात. रतनशेठही हेच म्हणाले. "एक वाक्य आहे, तन्वीर. कोण तपासायला येणार आहे? त्यांच्या घरातलं भांडण तुझ्या जिभेवर मिटत असेल तर पुण्यच आहे." शेठ वाईट माणूस नाही. त्यांचीही एजन्सी बुडतेय.

नूर वह्या तपासत ऐकत होती. तिने विचारलं, "आबा नक्की काय म्हणाले, पुन्हा सांग." मी सांगितलं. ती हसायला लागली.

"काय झालं?"

"काही नाही. तू जा मंगळवारी. आणि तिथे गेल्यावर तुला जसं बोलता येतं तसंच बोल."

इथे माझा जीव जातोय आणि हिला हसू येतंय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

जाताना मोटरसायकलवर ते वाक्य पाठ केलं. "कंपनीच्या नियमाप्रमाणे गाडी घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर होते." आठ-दहा वेळा म्हटलं. भाजे येईपर्यंत सुरळीत यायला लागलं होतं.

घरात सगळे जमलेले. आबा खाटेवर, विठाबाई भिंतीला टेकून, कैलास उभा. सारिकावैनी चुलीपाशी पाठ करून बसलेल्या, पण भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"सांगा तन्वीरभाई," आबा म्हणाले. "हाय का कायदा?"

मी तोंड उघडलं. अकरा वर्षांत मी खोट असलेल्या गाडीवर कधी ओकेचा शिक्का मारला नाही. हे फुशारकी म्हणून लिहीत नाही. हात वळत नाही, एवढंच. जीभही वळली नाही.

"नाही आबा," मी म्हणालो. "असा कुठलाच कायदा नाही. बाई असो की बुवा, कागद नीट असले की गाडी होते. वैनींच्या नावावर तर उद्या होईल."

म्हणून टाकलं आणि खाली बघत राहिलो. दोन गाड्या गेल्या, नोकरी गेली, असं मनात म्हणत होतो.

आबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस कैलास? कंपनीचा सायेब म्हनतो. आता माजं काय चालनार?" आवाज मोठा होता, पण रागावलेला वाटला नाही. त्यांना बहुतेक धक्का बसला असावा. विठाबाई तोंडाला पदर लावून खोकल्या. एवढ्या गंभीर वेळी त्यांना कसला ठसका लागला कोण जाणे.

"सारिका," आबांनी हाक मारली, "एक गाडी तुज्या नावावर. गेणूचा वाटा हाय त्यो. सायेबास्नी काय कागद लागत्यात ते दे."

वैनी पिठाच्या हातांनी उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मग त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला, लहान मुलीसारखा. विठाबाईंनी त्यांना कुशीत घेतलं.

कैलास पायात चप्पल न घालता निघून गेला. दुसऱ्या गाडीचा विषय कोणी काढला नाही. मीही नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

विभागीय साहेब: "एकच? तू तर दोन म्हणाला होतास." रतनशेठ दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मारुती मात्र दोनदा चहा घेऊन आला. "म्हाताऱ्यानं बराबर मानूस निवडला," असं काहीतरी पुटपुटला. मी इतका वैतागलो होतो की कुठला माणूस ते विचारलंच नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. दुपारी शोरूमच्या दारात कैलास. एकटाच, घामेघूम. खुर्ची दिली तर बसला नाही.

"माजी येगळी," म्हणाला. "माज्या नावावर. थोरल्या दादानं वाटनी केली. देहूरोडची नवी दुधाची लाइन माजी, लोनावळा-खंडाळा वैनीची. दसऱ्याला पायजे."

मी काही विचारलं नाही. फॉर्म पुढे केला. सही करताना त्याने आपलं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, आणि मग ते एकदा वाचून पाहिलं. जाताना म्हणाला, "आता स्टँडवर कोन बोलंल मला?" आणि हसला. त्याला हसताना मी गौरीनंतर आजच पाहिलं.

पण मला धड आनंद होईना. माझा आकडा भरला तो एक घर वेगळं झालं म्हणून. चुली वेगळ्या होणार का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सकाळी दोन्ही गाड्या झेंडूच्या माळा घालून शोरूमसमोर उभ्या केल्या. आबांचं सगळं घर आलं होतं. मला धास्ती होती की वेगळे झालेले भाऊ वेगवेगळे येतील. एकाच जुन्या टेम्पोतून आले, मागे दाटीवाटीने बसून. मी आबांना बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाले, "चूल येकच हाय. गाड्या दोन झाल्या. दोन बैलास्नी दोन दावी पायजेतच की."

विठाबाईंनी ताट आणलं होतं. पहिली गाडी सारिकावैनींची. विठाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आबांनी नारळ फोडला. वैनी तेव्हा मागे उभ्या होत्या, आमच्या नोटीस बोर्डापाशी, पार कडेला. त्यांच्याच गाडीची पूजा आणि त्या कडेला. नवरा नसलेल्या बाईने पुढे येऊ नये, ही रीत मला कोणी समजावून सांगायला नको, मी याच मातीतला आहे. मला राग आला, पण राग कोणावर काढायचा ते कळेना.

विठाबाई ताट घेऊन दुसऱ्या गाडीकडे वळल्या. कैलास मध्ये आला.

"थोरल्या वैनी, थांबा. माज्या गाडीला धाकल्या वैनी करत्याल."

रतनशेठ पेढ्यांचा बॉक्स हातात धरून तसेच उभे राहिले. सारिकावैनी आणखी मागे सरकल्या. "भावजी, मी कशी करू? नवी गाडी हाय. काय बोलताय तुमी?"

"का?" कैलास म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुमच्या हातचं दूध समद्या खंडाळ्याला चालतं. देवळात अभिषेकाला चालतं. मंग माज्या गाडीला तुमचं हळदकुंकू का न्हाई चालत? मी पंधरा दिस ती गाडी चालवून बगितली, वैनी. मला म्हाईत झालंय."

विठाबाई चालत गेल्या आणि ताट सारिकावैनींच्या हातात ठेवलं. आबा आभाळाकडे बघत होते.

वैनी पुढे आल्या. बोट कुंकवात बुडवलं, पण कुंकू बंपरवर सांडलं. मग त्यांनी श्वास घेतला आणि नीट लावलं, हळद, कुंकू, अक्षता, आणि ओवाळलं. कैलास खाली वाकला, म्हणाला, "आता मला बी." त्यांनी त्याच्या कपाळाला लावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडल्या. मारुतीने टोपी काढून डोळे पुसले. मी पुसलेही नाहीत. गिऱ्हाइकांसमोर, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून, उभा राहून रडलो.

मग दोन्ही गाड्या निघाल्या. पुढे वैनी, मागे कैलास हॉर्न वाजवत.

डिलिव्हरीचा फोटो काढायचा राहून गेला. विभागीय साहेब त्यावरून फोनवर चिडले, आणि तो ओरडा संपल्यावर म्हणाले की मला कायम केलंय, पत्र सोमवारी येईल.

घरी आल्यावर नूरला आधी हळदकुंकवाचं सांगितलं. ती ऐकता ऐकता खाली बसली, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. कैलास काय म्हणाला ते तिने तिसऱ्यांदा विचारलं. आता ती आत अम्मीला फोनवर तेच सांगतेय. नोकरीचं सांगायचं राहिलंच आहे, फोन झाला की सांगतो.